सवाष्णीचे टक्कल

डोक्यावरचे केस गेले आणि ओठावर आले. एवढे एकच वाक्य छापून ठाकूरद्वाराच्या नाक्यावर वाटले असते तरी पुष्कळ बायकांना पुरले असते. पण मला सवय पत्रके लिहिण्याची. पत्रकात पहिल्या ओळीत ओरडायचे आणि शेवटच्या ओळीत मागणी करायची. या मजकुरात मागणी आहे. ओरडण्याची ताकद राहिलेली नाही, म्हणून जसे झाले तसे सांगते.

जिचे तोंड वाटोळे आणि लाल होत चालले आहे, पोट सुटते आहे पण हातपाय काड्यांसारखे होताहेत, जिला नुसता दाराचा धक्का लागला तरी जांभळा डाग उठतो, जिचे केस उशीवर उरतात, त्या बाईने हे वाचावे. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावे. पुरुषाकडून वाचून घ्यावे लागले, तर त्याने मधले गाळू नये, अशी त्याला सक्त ताकीद आहे.

*

आमचे बिऱ्हाड ठाकूरद्वारला एका वाडीत, माडीवर. घरात तिघे: मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमान कोट भागातल्या एका पेढीवर कारकून. सासूबाई तरुणपणीच विधवा झालेल्या. लाल आलवण, डोक्यावर पदर, आणि पदराखाली दर पंधरवड्याला न्हाव्याने फिरवलेला वस्तरा.

तो वस्तरा बंद व्हावा म्हणूनच आम्ही दोघे धडपडत होतो. यजमान सभेत बोलत, मी पत्रके लिही. शेवटच्या पत्रकाने काम केले. ते आम्ही न्हाव्यांच्या वस्तीत वाचून दाखवले आणि गिरगावातल्या न्हाव्यांनी आपल्या पंचांपुढे शपथ घेतली, की कोणत्याही कारणाने बाईच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द माझे. पळवाट राहू नये म्हणून घातले होते. आमच्या सुधारक मंडळात त्या संध्याकाळी पेढे वाटले.

घरी सासूबाईंनी माझ्याशी बोलणे टाकले. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे येणारा विठू न्हावी यायचा थांबला आणि पदराखाली पांढरे खुंट उगवू लागले. केस असलेल्या विधवेने देवाचे पाणी भरायचे नाही, सोवळ्यात चुलीपाशी जायचे नाही, हे त्यांचे शास्त्र. देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून त्या जप करू लागल्या.

“तू मला देवापासून तोडलंस,” त्या एकदा म्हणाल्या.

“देवाला केसांचं काय पडलंय?”

“ते त्याला विचार. मला कशाला विचारतेस?”

मला वाटे, महिना-दोन महिन्यांत त्यांना मोकळे वाटू लागेल. त्यांना मोकळे वाटले नाही. आणि तेवढ्यात माझे केस जाऊ लागले.

*

आधी कानशिलांवरचे गेले. मग भांग रुंद झाला. मला वाटले कुंकू फार पसरते आहे, म्हणून मी कमी लावू लागले. पण ती लाली कातड्याचीच होती. फणीत आलेले केस गुंडाळून त्यावर थुंकून टाकायचे ही घरची रीत. पुढे गुंडाळे एवढाले होऊ लागले की थुंकी पुरेना.

एकदा यजमानांच्या आमटीत केस निघाला. त्यांनी तो पानाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिले. मग रोज निघू लागला. रोज कडेला ठेवत. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. जगातल्या सगळ्या बायकांच्या केसांवर बोलणारा माणूस आपल्या बायकोच्या केसावर बोलत नाही, असे मी मनात म्हटले. एरवी याचा मला राग आला असता. तेव्हा नुसते ते वाक्य मनात आले आणि निघून गेले.

तेले चोळली. माक्याचे चोळले, जास्वंदीचे चोळले. बाटलीतले एक आणले, तिच्यावर गुडघ्यापर्यंत केस सोडलेल्या बाईचे चित्र होते. वर्तमानपत्रांत या तेलांच्या जाहिराती येतात त्या लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की बाबांनो, केस मुळाशी सुकतात ते नेहमी तेलाअभावी नव्हे. ज्या बाईच्या आतच काही बिघडले आहे तिच्याकडून पैसे उकळू नका. चित्रातल्या त्या बाईला बहुतेक काहीच झालेले नव्हते.

त्याच सुमाराला ओठावर लव आली आणि हनुवटीवर राठ केस. ते मी चिमट्याने उपटी. उपटलेल्या जागी फोड येई आणि तो कित्येक दिवस बरा होत नसे. कासारीण बांगड्या भरायला आली; तिने नेहमीसारखा हात दाबला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटे जांभळी झाली. वाडीत बातमी पसरली, की सुधारक बायकोला मारतो. यजमानांना हे कळले तेव्हा ते कितीतरी वेळ गॅलरीत उभे होते.

पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावे लागत. जिना चढताना मांड्या ऐकत नसत. झोप नाही. आणि सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे मला कशाचेच काही वाटेनासे झाले. लोक दुःखाबद्दल विचारतात. दुःख नव्हते. कानात कापूस घालून घरात वावरावे तसे होते.

*

मी बरेच महिने बाहेर बसले नव्हते. ही गोष्ट घरात सासूबाईंखेरीज कोणाच्या ध्यानात आली नाही. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. एका सकाळी त्यांनी माझ्या पोटाकडे, मग तोंडाकडे पाहिले. पत्रक निघाल्यापासून त्या माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

“अगं, सांगायचं नाहीस होय?”

“काय?”

“गालांवर काय तेज आलंय. वेडी कुठली. बस, ते पाणी मी भरते.”

“सासूबाई, माझे केस जातायत.”

“जाणारच. पोटातलं पोर केसाळ असलं की आईचे ओढून घेतं. ह्याच्या वेळी माझेही गेले होते. परत येतात.”

पोटावर जांभळे रुंद पट्टे उठले होते. ते मी त्यांना दाखवले. त्यांनी त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मुलगाच आहे, पोट ताणतोय.

मला आत काही हलत नव्हते. मी यजमानांना सांगितले. ते म्हणाले, “आईला विचार, तिला अनुभव आहे.” सासूबाईंना विचारले तर म्हणाल्या, “पहिलटकरणीला उशिरा कळतं.” मग मी विचारणे सोडले. त्या माझ्याशी गोड बोलत होत्या, लाडू वळत होत्या. मी खात होते आणि फुगत होते. कोणीही डॉक्टरकडे न्या असे म्हटले नाही. सुधारकांचे घर हे. मी स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्या म्हणून पत्रके काढलेली. आणि आमच्यातल्या एकालाही, मला धरून, असे वाटले नाही की आधी एखाद्या बाई डॉक्टरला दाखवावे. दिवस गेले की डॉक्टर कशाला? सुईण असते. ही चूक अडाण्याची नव्हे. आपल्या घरांतली आहे, आणि ती आज संध्याकाळीही कुठेतरी होत असेल.

*

सातव्यात डोहाळजेवण झाले. सासूबाई विधवा, म्हणून त्यांनी पुढे यायचे नाही. त्यांनी पहाटेपासून सगळे रांधण करवून घेतले आणि बायका जमल्यावर माजघराच्या दाराआड जाऊन बसल्या.

शेजारणींनी माझी फुलांची वाडी भरायला घेतली. गरोदर बाईच्या वेणीवर फुलांच्या जाळ्या टाचतात. जाळ्या सुंदर होत्या. टाचायला केस नव्हते.

“अगो, हिच्या डोक्यात आहे तरी काय?” एक म्हणाली.

“पत्रकं,” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. विनोद चांगला होता. मीही हसायला तोंड उघडले.

मग गंगावन आणले, उसन्या केसांची वेणी. ते केस कोणा बाईच्या डोक्यावरून उतरले होते हे विचारण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. पण वेणीलाही बांधायला मूळ हवे. माझ्या उरल्यासुरल्या बटांना दोरा घट्ट ओढून ती बांधली आणि वरून आकडे खोचले. आकडे टाळूला टोचत होते. माझे कातडे कागदासारखे झाले होते. मी सांगितले, टोचतंय. “सोस जरा. पुढे याहून सोसायचंय,” शेजारणी म्हणाल्या.

संध्याकाळी फुले काढली तेव्हा डोक्यात सात-आठ ठिकाणी रक्त होते. तुमच्या डोक्यावरचा असा ओरखडा चार दिवसांत वाळतो. माझा वाळला नाही. तिथे पू झाला. उरलेले केस त्या पुवात चिकटून डोक्यावर गिचमिड पोळी बसली. ताप चढला. मग मला व्हिक्टोरिया घोडागाडीत घालून बायकांच्या इस्पितळात नेले.

*

मडम डॉक्टर उंच होती. तिचे मराठी पाद्र्यांकडे शिकलेले, पोथीतल्यासारखे. तिने पडदा ओढून मला पुष्कळ वेळ तपासले. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन यजमानांना आणि सासूबाईंना सांगितले. दार उघडेच होते.

“बालक नाही.”

“गेलं?” सासूबाईंनी विचारले.

“नव्हतेच. गर्भाशय रिकामे आहे.”

मग सासूबाईंचा आवाज आला, “मग त्या पोटात आहे काय?”

“चरबी,” मडम म्हणाली.

मी वर छताकडे पाहत होते. मला रडू यायला हवे होते, हे मला कळत होते. परीक्षेत एखादे उत्तर येत असावे आणि लिहावेसे वाटू नये, तसे.

मडम आत आली तेव्हा मी तिला विचारले, माझे केस का गेले?

“मी जाणत नाही,” ती म्हणाली. “अशी एक स्त्री मी पूर्वी पाहिली आहे. माझी समजूत अशी की अंगातील कोणती तरी ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करीत आहे. तिचा रस रक्तात अधिक उतरतो. त्याने कातडे पातळ होते, घाव भरत नाही, मस्तकावरील केस जातात आणि मुखावर येतात. ग्रंथी कोणती, ते माझ्या देशातही कोणास ठाऊक नाही. रोगाला नाव नाही.”

“ती आधीची बाई?”

“ती मेली,” मडम म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “तिला दुसरेही रोग होते.”

मला ती आवडली. त्या सगळ्या महिन्यांत ‘ठाऊक नाही’ म्हणणारे हे पहिले माणूस. वाचणाऱ्या बाईला मी हेच सांगते: डॉक्टर ‘ठाऊक नाही’ म्हणाला तर घाबरू नको. तुला तेज आले आहे म्हणणाऱ्याला घाबर.

*

इस्पितळात पहाटे फरशी धुतात. तो वास फिनेलचा, त्यात दुधाचा, त्यात जखमांचा. सकाळी जखमा धुणे, दुपारी घरचे डबे, संध्याकाळी मडमची फेरी. इस्पितळात सगळ्या जातींची विटाळाविटाळ, म्हणून सासूबाई डबा घेऊन येत त्या व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहत. डबा कठड्यावर ठेवत, मागे सरत. मग आया तो आत आणी. घरी जाऊन त्या डोक्यावरून पाणी घेत. तरी रोज येत. चालत येत.

शेजारच्या खाटेवर शिवडीची पारू कोळीण होती. शिंगाडा मासळीचा काटा पायात मोडून पाय सुजलेला. तिने पहिल्याच दिवशी मला नीट न्याहाळले.

“काय गो बाय, मिशी कापत नायस?”

“उपटली की फोड येतो.”

“मंग ऱ्हाऊ दे. माज्या घोवाला पन अशी नाय. त्यो जलंल तुला बगून.” ती खदखदून हसली आणि मग पाय दुखला म्हणून कण्हली. “डोईवरचे गेले?”

“गेले.”

“घोव सोडील?”

असे सरळ मला कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, ठाऊक नाही.

“आमच्यात टोपली भरून इकनारी बायको कोन सोडीत नाय,” ती म्हणाली. “तू काय इकतेस?”

“काही नाही. लिहिते.”

“मंग सोडील,” पारू म्हणाली आणि कुशीवर वळली.

तिचे खरे होते, हे मला लवकरच कळले. डबा ठेवल्यावर एक दिवस सासूबाई मागे सरल्या नाहीत. दाराशी उभ्या राहून मला ऐकू येईल इतक्या आवाजात यजमानांशी बोलल्या. ठाण्याहून स्थळ सांगून आले होते. मुलगी बारा वर्षांची, गोरी, लांब केसांची.

“त्याचं काय चुकलंय, सांग,” त्या म्हणाल्या. आता त्या माझ्याकडे पाहत होत्या. “मूल नाही. केस नाहीत. मिशी आहे. मी तुला दोष देत नाही हो. पण वंश थांबायचा का?”

यजमान कठड्याला धरून उभे होते. दुसरी बायको करू नये यावर त्यांचे व्याख्यान मीच लिहून दिले होते. त्यातली एखादी ओळ ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, “आई, ताप उतरू दे. मग बघू.”

‘नको’ नव्हे. ‘मग बघू.’

*

ताप उतरला नाही. मडमने सांगितले, की डोक्यावरची पोळी सगळी निघाली पाहिजे. केस मुळापर्यंत काढायचे, खालचे गळू उघडायचे आणि धुवायचे. नाही तर पू रक्तात जाईल. पण केस ती काढणार नव्हती. मागे इस्पितळाने एका बाईचे केस कापले, तर तिच्या घरच्यांनी मुलगी बाटवली, विधवा केली म्हणून दगड मारले होते. तेव्हापासून नियम झाला होता: केस घरच्यांनी उतरवून आणावेत. गळू ती उघडील.

सासूबाई म्हणाल्या, “माझा मुलगा जिवंत आहे.”

हे ज्यांना कळत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सवाष्णीचे डोके उतरवणे म्हणजे तिच्या नवऱ्याचे मरण बोलावणे. सासूबाईंचा एकच मुलगा.

“आई, ती मरेल,” यजमान म्हणाले.

“मग तुझं काय होईल?” एवढेच त्या म्हणाल्या.

शेवटी दोन दिवसांनी यजमान त्यांना न विचारता गिरगावात गेले आणि विठू न्हाव्याला घेऊन आले. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून मला खुर्चीत घालून व्हरांड्यात आणले. सासूबाई डबा घेऊन तिथेच उभ्या होत्या. विठूने मला पाहिले. जोडे काढले. धोकटी उघडली नाही.

“वैनी, दुसरं काय बी सांगा.”

“विठू, हे औषध आहे,” मी म्हटले. “केशवपन नव्हे.”

“कोणत्याही कारणाने न्हाई. असंच लिवलंय. तुमीच वाचून दाखवलंत.”

“ते विधवांसाठी होतं.”

“मंग तसं लिवायचं.” तो उद्धटपणे बोलला नाही. त्याला वाईट वाटत होते. “वैनी, गंगेच्या पान्याला हात लावून शपथ घेतलीया. उद्या पंच म्हनतील, पैसेवाल्याच्या घरी वस्तरा उचलला. मला जातीबाहेर टाकतील. पोरीचं लगीन हाय माज्या. आमाला किती टोमणे मारले लोकांनी, किती गिऱ्हाईक गेलं, तरी आमी मागं सरलो न्हाई. आनि आता तुमीच सांगता?”

मी त्याला विनवले. मी, जिने त्या शपथेचा मजकूर लिहिला, ती एका न्हाव्याला हात जोडून सांगत होते की माझ्या डोक्याला वस्तरा लाव. आवाज माझाच होता पण लांबून येत होता. विठू मान हलवत राहिला.

“कातरीची शपथ न्हाई,” तो शेवटी म्हणाला. “घरच्या मानसानं कातर चालवावी.” आणि जोडे हातात घेऊनच तो पायऱ्या उतरला.

“मलाही त्याने असंच सांगितलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “अगदी हेच. मीही हात जोडले होते.”

मडम आतून कातर घेऊन आली आणि तिने ती यजमानांपुढे धरली. यजमानांनी घेतली. माझ्यामागे येऊन उभे राहिले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. कातर उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला नाही. ते म्हणाले, “मला नाही जमत.” आईला म्हणाले की मला म्हणाले, कोण जाणे.

तेव्हा सासूबाईंनी डबा खाली ठेवला. व्हरांड्याच्या टोकापासून त्या चालत आल्या. इतक्या दिवसांत माझ्या इतक्या जवळ त्या पहिल्यांदा आल्या होत्या. माझ्या डोक्यावरचा पदर त्यांनी बाजूला केला आणि पाहिले. वासाने त्यांचे तोंड वाकडे झाले नाही.

“हे आकड्यांनी झालं?”

“हो.”

“दाराआडून मला दिसत होतं. तू म्हणालीस, टोचतंय.”

“हो.”

त्यांनी मुलाच्या हातातली कातर घेतली.

“आई, अपशकुन,” यजमान म्हणाले. सुधारकाच्या तोंडून हा शब्द मी स्वतः ऐकला. छापला तरी कोणी खरे मानणार नाही.

“अपशकुन मला होऊन गेलाय,” त्या म्हणाल्या. “तुझं देव बघेल. हिचं मला दिसतंय.”

त्यांनी कापायला सुरुवात केली. त्यांचा हात हलका होता. जिथे चिकटले होते तिथे आधी आयेकडून कोमट पाणी मागून भिजवीत. मध्येच एकदा म्हणाल्या, “माझ्या वेळी चौघींनी धरलं होतं. तुझ्या पत्रकात ते नव्हतं. तू फक्त न्हाव्याचंच लिहिलंस.” आणि पुढची बट भिजवू लागल्या. मला दुखत होते. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी नीट दुखत होते.

*

मडमने गळू उघडले. ताप हळूहळू उतरला. पारू माझ्या आधी घरी गेली, जाताना माझ्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाली, “गुळगुळीत पापलेट.”

मूळ आजार कशाने गेला हे मी लिहिणार नाही, कारण मला ठाऊक नाही. औषधाने गेला म्हणून छापले तर उद्या कोणी ते औषध विकेल. पुढच्या वर्षभरात तोंड उतरले, पोट उतरले, मनगटांवरचे डाग जाऊन नवे येईनासे झाले. बाहेर बसणे पुन्हा सुरू झाले. मडम म्हणते, आला तसा गेला, पुन्हा येऊही शकतो. मिशी अजून थोडी आहे. डोक्यावर आधी लव आली, मग खुंट, मग मऊ काळे केस, बोटाच्या पेराएवढे. कानशिलांवर अजून नाहीत. ज्या बाईचे गेले आहेत तिला सांगते: येतात, पण तेलाने नव्हे, आतले शांत झाल्यावर. आणि तोपर्यंत डोक्याला काही टोचू देऊ नको, कोणाच्याही हौसेसाठी.

ठाण्याच्या स्थळाला सासूबाईंनी निरोप पाठवला. काय पाठवला मला सांगितले नाही. मुलीचे लग्न दुसरीकडे झाल्याचे कानावर आले. यजमान पुन्हा सभांना जातात. मी त्यांची भाषणे लिहून देत नाही. आम्ही बरे बोलतो. आमटीत आता केस निघत नाही.

वाडीत हळदीकुंकवाला मला बोलावत नाहीत. सासूबाईंना तर कधीच बोलावत नव्हते. म्हणून चैत्रातल्या एका दुपारी, खाली बायकांची गडबड चालली असताना, आम्ही दोघी माडीवर घरात होतो. सासूबाईंनी फळीवरची कातर काढून माझ्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून पाटावर बसल्या. डोक्यावरचा पदर खाली घेतला. त्यांचे केस मानेपर्यंत आले होते, पांढरे, दाट. इतके दाट असतील असे मला वाटले नव्हते.

“आता माझे काप,” त्या म्हणाल्या.

मी कातरीला हात लावला नाही. मी म्हटले, “चांगले दिसतायत.”

“मी तुला विचारलं का, कसे दिसतायत?”

“सासूबाई, मी याच्याविरुद्ध—”

“ठाऊक आहे तुझं विरुद्ध. धरून कापले तेव्हा कोणी विचारलं नाही. तुम्ही बंद केलेत तेव्हाही कोणी विचारलं नाही. आज मी सांगतेय. मला देवाचं पाणी भरायचंय.”

त्यांची इच्छा त्यांचीच होती, की इतक्या वर्षांनी कातड्यात मुरलेले भय, हे मी त्यांच्या पाठीकडे पाहून ठरवू शकले नाही. अजूनही ठरवू शकत नाही. पत्रकात अशा जागी मी ठाम वाक्य घालत असे.

मी कातर घेतली. माझ्या मांड्यांत अजून जोर नाही, म्हणून त्यांच्यामागे गुडघे टेकून बसले. पहिली बट हातात घेतली. आवाज झाला. केस पाटाखाली पडले.

“पंधरा दिवसांनी परत लागेल,” त्या म्हणाल्या.

“कापीन.”

“आणि तुझं पत्रक?”

“तेही वाटीन. ज्या बाईने सांगितलं नाही तिच्या डोक्याला कोणी हात लावायचा नाही.”

“वाट,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान पुढे वाकवली. “मागचे राहिले बघ. कानाशी हळू.”